होमर, अजॅक्स आणि अश्वत्थामा

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात आशिया मायनरमधील प्रूसा या नगरात डायो नावाचा एक ग्रीक वक्ता होऊन गेला. त्याच्या वाणीवर लुब्ध झालेल्या लोकांनी त्याला ‘सुवर्णमुख’ अशी पदवी दिली होती. होमरच्या थोरवीसंबंधी केलेल्या एका भाषणात तो एक आश्चर्यकारक वार्ता सांगून जातो. होमरची कीर्ती ग्रीकांपुरती मर्यादित राहिलेली नाही; दूरच्या हिंदुस्थानातील लोकही त्याचे काव्य आपल्या भाषेत उतरवून गातात, असे तो म्हणतो. ग्रीकांच्या आकाशातील कित्येक तारे ज्यांच्या दृष्टीसही पडत नाहीत, त्या लोकांना प्रायमचे दुःख, अँड्रोमाकी व हेक्युबा यांचा विलाप आणि अकिलीस व हेक्टर यांचा पराक्रम ठाऊक आहे, असे त्याचे प्रतिपादन आहे. पुढच्या काळातील आणखी एका ग्रीक ग्रंथकारानेही, थोडासा संशय राखून, हीच वार्ता पुन्हा नोंदवली.

होमरच्या काव्याचे प्राचीन भारतीय भाषेतील एकही भाषांतर आजवर उपलब्ध झालेले नाही. मग डायोच्या कानावर आले ते काय असावे? एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पंडितांनी या प्रश्नाचे जे उत्तर सुचवले, ते आजही सर्वांत सयुक्तिक वाटते. हिंदुस्थानातून परतलेल्या कोणा व्यापाऱ्याने वा खलाशाने इकडे एक प्रचंड युद्धकाव्य गायिले जाताना ऐकले असावे. त्यात एक वृद्ध राजा आपल्या सर्व पुत्रांसाठी आक्रोश करतो, रणभूमीवर स्त्रिया पतीची व पुत्राची प्रेते शोधीत फिरतात, दोन अजिंक्य वीर एकमेकांसमोर उभे ठाकतात. ऐकणाऱ्याला वाटले, हे तर आपलेच इलियड. वस्तुतः तो धृतराष्ट्राचा शोक होता, गांधारीचा विलाप होता आणि कर्णार्जुनांचे युद्ध होते. ग्रीक मनुष्याने महाभारत ऐकले आणि त्याला होमर म्हटले, असे हे प्रकरण दिसते.

ही चूक म्हणावी तर चूक आहे. परंतु तिच्यामागे एक खरा अनुभव आहे. परकीय महाकाव्यापुढे बसलेला श्रोता आपले महाकाव्य घरी ठेवून येत नाही. तो एक काव्य ऐकत असतो आणि त्याच्या मनात दुसरे जागे होत असते. या अनुभवाचे पुढे काय होते, हे मात्र ऐकणाऱ्याच्या स्थितीवर अवलंबून असते. मनुष्य स्वतंत्र आहे की जित, आपल्या भाषेविषयी निश्चिंत आहे की साशंक, यावर त्या साम्याचा अर्थ ठरतो. आधुनिक काळात भारतीय वाचकाची आणि होमरची पुन्हा गाठ पडली तेव्हा या गोष्टीचा प्रत्यय आला. ती कथा मुंबईत सुरू होते आणि तिचे सर्वांत फलदायी प्रकरण बंगळूर व म्हैसूर या दोन नगरांत घडते.

१८७० साली बर्लिनचे प्रख्यात संस्कृत पंडित आल्ब्रेख्ट वेबर यांनी रामायणावर एक प्रबंध लिहिला. सीतेचे हरण आणि लंकेवरील स्वारी या कथाभागांवर हेलनचे हरण आणि ट्रॉयचा वेढा यांची छाया पडली असावी, होमरच्या काव्याशी परिचय झाल्यामुळे रामकथेला हे वळण मिळाले असावे, असे अनुमान त्यांनी त्यात मांडले. वेबर हे क्षुद्र बुद्धीचे टीकाकार नव्हते. संस्कृत विद्येवर त्यांचे मोठे उपकार आहेत. तथापि पारतंत्र्यात वावरणाऱ्या सुशिक्षितांना या अनुमानाने काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. राज्य गेले, व्यापार गेला. आता रामायणही ग्रीकांकडून उसने आणलेले ठरत होते.

या प्रबंधाला मुंबईतून उत्तर आले. काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचे वय तेव्हा अवघे तेवीस वर्षांचे होते. पुढे हे गृहस्थ मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि त्यांनी केलेला भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद मॅक्स म्यूलर यांच्या ‘प्राच्य धर्मग्रंथ’ मालेत १८८२ साली प्रसिद्ध झाला. १८७३ साली त्यांनी ‘रामायण होमरवरून घेतले आहे काय?’ या अर्थाच्या शीर्षकाचा इंग्रजी निबंध प्रसिद्ध करून वेबर यांचे एकेक प्रमाण तपासले. त्यांच्या लेखनात चीड नाही, गर्जना नाही. वकिलाने साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशी शांत रीत आहे. दोन काव्यांतील साम्य किती वरवरचे आहे, प्राचीन संस्कृत ग्रंथांत रामकथेचे उल्लेख कोठे येतात आणि कालनिर्णयाचा पाया किती कच्चा आहे, हे त्यांनी दाखवून दिले. स्त्रीचे हरण व त्यापायी युद्ध ही घटना जगात दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचण्यासारखी आहे, ही साधी गोष्ट पंडितांच्या ध्यानातून निसटली होती.

तेलंगांचा निबंध हा मराठी माणसाच्या विद्वत्तेचा एक उज्ज्वल टप्पा होय. परंतु त्याची एक मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे, आणि ती तेलंगांची नसून त्या काळाची आहे. साम्य हाच आरोप झाला असल्यामुळे होमर वाचणाऱ्याला साम्य नाकारणे भाग होते. प्रायमच्या दुःखात धृतराष्ट्राचे दुःख दिसले तरी ते मोकळ्या मनाने बोलून दाखवणे अवघड होते. कारण लगेच प्रश्न येणार, कोणी कोणाचे घेतले? वाचन हा एक दावा झाला होता आणि दाव्यात दोन्ही पक्षांना आपली मालमत्ता सांभाळावी लागते. होमरकडे निर्भयपणे पाहण्यासाठी आणखी अर्धे शतक जावे लागले.

आता बंगळूरकडे वळावे. हे नगर मराठी मनाला अगदीच परके नाही. १६३८ साली विजापूरकरांच्या सैन्याने ते घेतल्यानंतर शहाजीराजांच्या जहागिरीत त्याचा समावेश झाला, आणि राजांचा दरबार तेथे भरू लागला. जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’त त्या दरबाराचे जे वर्णन केले आहे, त्यावरून तेथे अनेक भाषांतील कवींची ये-जा असल्याचे दिसते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ साली हा ग्रंथ विस्तृत प्रस्तावनेसह प्रकाशात आणला. एका भाषेतील गोष्ट दुसरीत सांगण्याची सवय या गावाला जुनीच आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

इंग्रजी अमदानीत मात्र बंगळूरचे दोन भाग झाले. एक जुनी पेठ आणि दुसरी गोऱ्या सैन्याची छावणी. दोहोंचा कारभार निरनिराळा होता आणि १९४९ साली ते एका नगरपालिकेखाली एकत्र आले. या छावणीत १८९६ च्या ऑक्टोबरात एक बावीस तरुण वर्षांच्या आतबाहेरचा लष्करी अधिकारी दाखल झाला. त्याचे नाव विन्स्टन चर्चिल. दुपारच्या उन्हात इतर अधिकारी झोप घेत असता हा तरुण आईने विलायतेहून पाठवलेले ग्रंथ वाचून काढी. गिबन, मेकॉले, भाषांतरातून प्लेटो व ॲरिस्टॉटल यांचे वाचन त्याने बंगळूरमध्ये केले. होमरविषयी मात्र त्याला प्रेम नव्हते. शाळेत असताना ग्रीक भाषेने त्याला सळो की पळो करून सोडले होते. ग्लॅडस्टन हे मौजेखातर होमर वाचतात, असे शिक्षक सांगत, तेव्हा त्यांना योग्यच शिक्षा मिळाली असे आपल्याला वाटे, असे त्याने पुढे आत्मचरित्रात विनोदाने लिहिले आहे.

हा विनोद एका सत्याकडे बोट दाखवतो. इंग्रज मुलापुढे होमर येई तो व्याकरण आणि छडी यांच्या संगतीने. पेठेच्या बाजूच्या विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी होती. १८५८ साली शाळा म्हणून सुरू झालेल्या आणि पुढे सेंट्रल कॉलेज या नावाने प्रसिद्धीस आलेल्या विद्यालयात इंग्रजी वाङ्मयाचे अध्ययन होई. ते विद्यालय प्रथम मद्रास विद्यापीठाशी व १९१६ नंतर नव्या म्हैसूर विद्यापीठाशी जोडलेले होते. अशा वर्गांतून होमर येई तो इंग्रजी कवींच्या मागोमाग. मिल्टन शिकवताना त्याच्या दीर्घ उपमांचे मूळ सांगावे लागे. पोपचे नाव निघाले की १७१५ ते १७२० या काळात त्याने प्रसिद्ध केलेल्या इलियडच्या अनुवादाचा उल्लेख होई. कीट्सचे १८१६ सालचे प्रसिद्ध सुनीत तर चॅपमनकृत भाषांतरातून होमर प्रथम भेटला त्या आनंदावरच लिहिलेले आहे. कीट्सलाही ग्रीक भाषा येत नव्हती, ही गोष्ट भारतीय विद्यार्थ्याला धीर देणारी होती. ज्या दाराने तो आत गेला, त्या दाराने दुसऱ्या कोणालाही जाता येण्यासारखे होते.

अशा वाचकाला इलियडमध्ये काय सापडत असे? पहिली गोष्ट म्हणजे आटोपशीरपणा. महाभारताच्या विस्ताराशी तुलना करता चोवीस सर्गांचे आणि सुमारे पंधरा हजार सातशे ओळींचे हे काव्य लहानच वाटते. त्यात ट्रॉयच्या युद्धाची दहा वर्षे नाहीत. शेवटच्या वर्षातील थोड्या दिवसांची, एका वीराच्या क्रोधाची कथा आहे. नगराचा पाडावही त्यात येत नाही. काव्य संपते ते शत्रुपक्षाच्या वीराच्या, हेक्टरच्या, अंत्यविधीवर. विजयाच्या आधीच थांबणारे आणि शत्रूच्या चितेशी आपला शेवट करणारे हे काव्य भारतीय वाचकाला चकित करून जाते. परंतु त्याच क्षणी त्याला स्त्रीपर्वाची आठवण होते आणि चकित होण्याचे थोडे कमी होते.

दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. इलियडच्या शेवटच्या सर्गात वृद्ध प्रायम रात्री एकटा शत्रूच्या तंबूत जातो आणि ज्या हातांनी आपले पुत्र मारले, त्या अकिलीसच्या हातांचे चुंबन घेऊन हेक्टरचे प्रेत मागतो. अकिलीसला दूर देशी असलेल्या आपल्या पित्याची आठवण येते आणि दोघेही रडू लागतात. महाभारतात युद्धानंतर पांडव धृतराष्ट्राच्या भेटीस जातात. तो भीमाला आलिंगन देऊ पाहतो. कृष्ण लोखंडी पुतळा पुढे करतो आणि अंध राजा त्याचा चुराडा करतो. मग आपण भीमाला मारले या समजुतीने तोही शोक करू लागतो. पुत्रहंत्यासमोर उभा असलेला बाप हा प्रसंग एकच; पण एका ठिकाणी हात चुंबनासाठी पुढे होतात, दुसऱ्या ठिकाणी चुराडा करण्यासाठी. यातले एक थोर व दुसरे हीन असे ठरवण्याचे कारण नाही. धृतराष्ट्राच्या बाहूंतला दाबलेला क्रोध आणि पाठोपाठ आलेला पश्चात्ताप किती खरा आहे, हे प्रायमची भेट वाचल्यावर अधिक स्पष्ट दिसते. दुसऱ्याचे काव्य वाचल्याने आपल्या काव्यातील ओळखीचा प्रसंग पुन्हा नवा होतो, हा अनुभव येथे येतो.

हा अनुभव ज्यांनी केवळ मनात ठेवला नाही, ते गृहस्थ म्हणजे बी. एम. श्रीकंठय्या. कर्नाटकात त्यांना ‘बी.एम.श्री’ या आटोपशीर नावाने ओळखतात. त्यांचा जन्म १८८४ चा. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले; पुढे म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात आणि नंतर पुन्हा बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात त्यांनी इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापन केले. ज्या काळात इंग्रजीचा प्राध्यापक म्हणजे मातृभाषेपासून चार पावले दूर गेलेला मनुष्य, अशी स्थिती होती, त्या काळात या इंग्रजीच्या प्राध्यापकाने १९११ साली धारवाडच्या विद्यावर्धक संघात कन्नड भाषेने मान वर कशी करावी या विषयावर व्याख्यान दिले. कन्नड प्रदेश तेव्हा मुंबई, मद्रास, निजाम, म्हैसूर व कुर्ग अशा अनेक कारभारांखाली विभागलेला होता. शिकलेले लोक इंग्रजीत लिहीत आणि घरात मात्र कन्नड बोलत. धारवाडकडे तर शाळा आणि कचेऱ्यांतून मराठीचाही मोठा पगडा होता, ही गोष्ट मराठी श्रोत्याने मोकळेपणाने मान्य करावयास हवी.

श्रीकंठय्यांनी या दुखण्यावर जो उपाय केला, तो विलक्षण होता. परकीय वाङ्मय टाळून त्यांनी आपल्या भाषेचे रक्षण केले नाही. उलट ते जवळ करून तिला बळ दिले. इंग्रजी भावकवितांचे त्यांनी केलेले कन्नड अवतार ‘इंग्लिश गीतेगळु’ या संग्रहात एकत्र झाले आणि आधुनिक कन्नड कवितेला नवे छंद, नवी वळणे मिळाली. १९२६ साली त्यांनी दहाव्या शतकातील कन्नड महाकवी रन्न याच्या ‘गदायुद्ध’ काव्यातून एक नाटक सिद्ध केले. त्यात दुर्योधन हा ग्रीक शोकनाट्यातील नायकासारखा, आपल्या विनाशाकडे ताठ मानेने चालत जाणारा पुरुष म्हणून उभा राहतो. रन्नाच्या काव्यात हे बीज होतेच. ते दिसण्यासाठी जी दृष्टी लागली, ती मात्र ग्रीक वाङ्मयाच्या सहवासात तयार झाली होती. आणि मग १९२९ साली ‘अश्वत्थामन्’ हे नाटक आले.

या नाटकाचे मूळ समजण्यासाठी होमरकडे परत गेले पाहिजे. ग्रीक सैन्यात अकिलीसच्या खालोखाल बलाढ्य असा वीर म्हणजे अजॅक्स. इलियडच्या सातव्या सर्गात त्याचे व हेक्टरचे द्वंद्व होते. रात्र पडल्यावर दोघे थांबतात आणि एकमेकांना भेटी देतात. हेक्टर तलवार देतो, अजॅक्स कमरपट्टा देतो. पुढे अकिलीस मरण पावतो. त्याची शस्त्रे आपल्यालाच मिळतील अशी अजॅक्सची खात्री असते. पण ती ओडिसियसला दिली जातात. ओडिसीच्या अकराव्या सर्गात ओडिसियस मृतांच्या लोकी जातो, तेव्हा अजॅक्सची छाया त्याला दिसते. ओडिसियस समेटाचे शब्द बोलतो. अजॅक्स एक अक्षरही न बोलता पाठ फिरवून अंधारात निघून जातो. होमरने हे मौन तसेच ठेवले आहे.

त्या मौनामागची कथा इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सॉफोक्लीजने रंगभूमीवर आणली. अपमानाने पेटलेला अजॅक्स रात्रीच्या वेळी आपल्याच पक्षातील सेनानींना मारण्यास निघतो. अथीना देवी त्याच्या बुद्धीला भ्रम पाडते आणि तो गुरांच्या कळपाला सेनानी समजून त्यांची कत्तल करतो. भान आल्यावर त्याला आपल्या कृत्याची लाज सहन होत नाही. पत्नीची विनवणी आणि लहान पुत्राचा चेहरा यांनीही तो परावृत्त होत नाही. हेक्टरने दिलेली तीच तलवार जमिनीत रोवून तो तिच्यावर देह टाकतो. त्याच्या अंत्यसंस्कारावरून वाद माजतो, आणि त्याला सन्मानाने मूठमाती मिळावी म्हणून रदबदली करतो तो त्याचा प्रतिस्पर्धी ओडिसियसच.

हे नाटक वाचताना श्रीकंठय्यांच्या मनात सौप्तिक पर्व जागे झाले. तेथेही पराजयाने आणि पित्याच्या अधर्माने झालेल्या वधाने पेटलेला एक वीर आहे. तेथेही रात्र आहे आणि देवतेचा संचार आहे. रुद्राने अंगात प्रवेश केलेला अश्वत्थामा झोपलेल्या शिबिरात शिरतो आणि कापाकापी करतो. लोकप्रचलित कथेत तो द्रौपदीच्या पाच पुत्रांना पांडव समजून मारतो. अजॅक्सच्या हातून गुरे मेली, अश्वत्थाम्याच्या हातून झोपलेली मुले. पण सकाळ उजाडल्यावर दोघांसमोर एकच प्रश्न उभा राहतो, आता या हातांचे काय करावयाचे? ग्रीक नाटकातील अजॅक्सच्या जागी अश्वत्थामा आला. वृंदगायनाची योजना, थोडी पात्रे आणि अटळ शेवट ही ग्रीक चौकट कायम राहिली. शोकनाट्याला श्रीकंठय्यांनी नाव दिले ‘रुद्रनाटक’. अश्वत्थाम्याच्या बाबतीत ते किती यथार्थ आहे, हे सांगावयास नको.

येथे एक मोठी अडचण होती. अजॅक्स मरतो, अश्वत्थामा मरत नाही. तो सप्तचिरंजीवांतील एक. मस्तकावरचा मणी काढून घेतलेला, कृष्णाच्या शापाने तीन हजार वर्षे एकाकी भटकणारा अश्वत्थामा मराठी माणसाच्या घरोघरच्या कथांत आजही वावरतो. बऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडावर तो पहाटे पूजेला येतो, कपाळाच्या जखमेसाठी तेल मागतो, नर्मदेच्या परिक्रमेत कोणाला तरी भेटतो, अशा आख्यायिका सातपुड्याच्या दोन्ही अंगांना ऐकू येतात. श्रीकंठय्यांनी आपल्या नाटकात या चिरंजीवाला आत्मघात करावयास लावला. परंपरेत वाढलेल्या वाचकाला हा शेवट खटकल्यावाचून राहत नाही. व्यासांनी ज्याला मरण दिले नाही, त्याला ते देण्याचा अधिकार एका प्राध्यापकाला कोठून आला?

या प्रश्नाची दोन्ही अंगे पाहिली पाहिजेत. चिरंजीवित्वाचा शाप हे महाभारताचे फार खोल दर्शन आहे. काही पापे अशी असतात की ती मरणाने फिटत नाहीत. ती जखम घेऊन जगावे लागते. हे दर्शन बाजूला सारून नायकाला मरण दिले, तर काही तरी गमावले जाते हे खरे. कथेच्या अंगावर दुसऱ्याचा अंगरखा चढवला की कोठे तरी शिवण उसवणारच. परंतु दुसरी बाजूही आहे. होमरच्या जगात देव अमर आहेत म्हणून हेवा करण्याजोगे आहेत, आणि मनुष्य मर्त्य आहे म्हणून त्याच्या प्रत्येक कृतीला किंमत आहे. मृतांच्या लोकी अकिलीस म्हणतो की, येथे राजा होण्यापेक्षा पृथ्वीवर गरिबाच्या घरी मोलमजुरी केलेली बरी. आपल्या कथेत मात्र अमरत्व हीच शिक्षा झालेली आहे. या दोन जगांच्या मध्ये उभ्या राहिलेल्या वाचकाला अश्वत्थाम्याविषयी एक वेगळीच करुणा वाटली असल्यास नवल नाही. आपल्या कृत्याचा निवाडा स्वतः करण्याची संधी शापाने त्याच्यापासून हिरावून घेतली होती. ती या नाटकाने त्याला परत दिली. व्यासांचा अश्वत्थामा त्यामुळे पुसला जात नाही. उलट, नाटक वाचून पुन्हा मूळ कथेकडे वळणाऱ्याला तो शाप पूर्वीपेक्षा अधिक भयंकर वाटू लागतो.

१९३५ साली श्रीकंठय्यांनी ईस्किलसच्या ‘पर्शियन्स’ या नाटकावरून ‘पारसिकरु’ लिहिले. इसवी सनापूर्वी ४७२ साली अथेन्समध्ये झालेल्या त्या नाटकात विजयी ग्रीकांनी पराभूत इराणच्या राजवाड्यातील आकांत पाहिला. नाटककार स्वतः मॅरेथॉनच्या लढाईत लढलेला होता. तरी त्याने शत्रूचे दुःख शत्रूच्या दाराशी उभे राहून दाखवले. हेक्टरच्या चितेशी इलियड संपवणाऱ्या होमरचा हाच वारसा होय. महाभारतातही विजयानंतरचे पर्व हे स्त्रियांच्या रडण्याचे पर्व आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली सुरू झालेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम त्या काळात चालू होते. ते १९६६ साली पूर्णतेस गेले. एकीकडे शेकडो हस्तलिखिते ताडून मूळ शब्द निश्चित केला जात होता, दुसरीकडे त्याच कथेला दुसऱ्या महाकाव्याच्या प्रकाशात धरून पाहिले जात होते. दोन्ही कामे आपल्या वारशाविषयीच्या आत्मविश्वासातूनच होऊ शकतात.

या आत्मविश्वासाचे पुढचे फळ म्हैसूरमध्ये दिसले. श्रीकंठय्यांना गुरुस्थानी मानणाऱ्या पिढीतील कवी कु. वें. पुट्टप्पा, म्हणजेच ‘कुवेंपु’, यांचे ‘श्रीरामायण दर्शनम्’ हे महाकाव्य १९४९ साली प्रसिद्ध झाले. त्याला १९५५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पुढे १९६७ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराचे निमित्तही तेच काव्य झाले. या काव्याच्या आरंभी कवी पूर्वसूरींना वंदन करतो. त्या नमनात व्यासादिकांबरोबर होमर, व्हर्जिल, डांटे आणि मिल्टन यांचीही नावे येतात. होमरची पद्धत अनुसरून त्याने दीर्घ उपमांचाही मनसोक्त उपयोग केला आहे.

हा प्रसंग तेलंगांच्या निबंधाशेजारी ठेवला म्हणजे त्याचे महत्त्व कळते. १८७३ साली एका भारतीय विद्वानाला जगापुढे सिद्ध करावे लागले की, रामायण होमरचे ऋणी नाही. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी दुसरा भारतीय रामायणच लिहावयास बसतो आणि पहिल्याच सर्गात होमरला नमस्कार करतो. त्याला कोणी चोर म्हणेल अशी भीती वाटत नाही. तेलंगांनी साम्य नाकारले म्हणून कुवेंपु चुकले असे नव्हे, आणि कुवेंपूंनी वंदन केले म्हणून तेलंग संकुचित ठरत नाहीत. आधीच्या पिढीने घराची मालकी निर्विवाद केली, म्हणून पुढच्या पिढीला पाहुण्याचे स्वागत करता आले.

श्रीकंठय्यांचे निधन १९४६ च्या जानेवारीत धारवाड येथे झाले. ज्या गावी त्यांनी कन्नडसाठी पहिली मोठी हाक दिली, तेथेच. त्यांच्या हयातीत कन्नड प्रदेश एक झाला नाही. तो योग १९५६ साली आला. परंतु इंग्रजी वाचणाऱ्या विद्यार्थ्याने इंग्रजीतून मिळवलेले धन कोठे आणून ठेवावे, याचा धडा ते घालून गेले होते.

डायोला हिंदुस्थानात होमर ऐकू आला, कारण त्याच्यापाशी होमरखेरीज दुसरे माप नव्हते. श्रीकंठय्यांपाशी दोन मापे होती आणि कोणते कोणाचे हे ते पुरते जाणून होते. म्हणून डायोची वार्ता चूक ठरली, तरी तिच्यातील एक भाग शेवटी खरा झाला. ज्यांना ग्रीकांचे सर्व तारे दिसत नाहीत, त्या लोकांनी अजॅक्सचे दुःख आपल्या भाषेत गायिले. फक्त ते गाताना त्यांनी त्याला अश्वत्थामा अशी हाक मारली.